मारुती चौकातलं बिनपाटीचं दुरुस्तीचं दुकान: पाचपैकी चार

घाईत असाल तर एवढंच वाचा. मिक्सर सकाळी टाकून संध्याकाळी तयार न्यायचा असेल तर सांगलीत छप्पन्न दुकानं आहेत, त्यातल्या कुठल्याही एकात जा. या दुकानात वस्तू तुमच्यासमोर खोलतात, आणि तुमची तयारी असेल तर ती तुमच्याच हातानं दुरुस्त होते. त्याचे पन्नास रुपये जास्त पडतात. कमी नाही, जास्त. का ते पुढं सांगते.

दुकानाला नाव नाही. म्हणजे होतं. २०१९ च्या पुरात पाटी गेली आणि दुकानाच्या मालकांनी, म्हणजे मामांनी, ती परत लावलीच नाही. "पाटी बघून कोण येतंय? मिक्सर बंद पडला की येतात," हे त्यांचं उत्तर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. मारुती चौकाचं काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. दुकानाच्या आतल्या भिंतीवर निळ्या रंगानं तीन रेघा मारून ठेवल्यात. २००५ आणि २०२१ च्या खाली, एकमेकींना धरून. २०१९ ची वर, माझ्या कपाळाच्याही वर. चौकातून बोळात शिरल्यावर जिथं पंख्यांची पाती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी दिसतील ते दुकान. शटरवर खडूनं लिहिलंय, "उदारी बंद". हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मी तिथं गेले ती हळकुंडामुळं. हरिपूरच्या जाऊबाईंनी घरची अर्धा किलो हळकुंडं दिली होती. एवढ्याशासाठी डंकावर कोण जाणार म्हणून मिक्सरला लावली. थोडा वेळ घर हादरल्यासारखा आवाज, मग एक खट्, आणि मग मोटर एकटीच मजेत फिरायला लागली. पातं गप्प. पुण्याहून मुलीनं फोनवर निकाल दिला, "आई, अकरा वर्षं झाली त्याला. सोड आता. नवीन मागवते, परवा येईल." आमचे हे म्हणाले, येऊ दे. मला मात्र त्या मोटरीचा राग आला होता. फिरतेयस ना, मग अडलंय कुठं?

मामांनी मिक्सर हातात न घेताच विचारलं, "काय घातलं हुतं?"

मी म्हटलं, "खोबरं."

त्यांनी भांडं नाकाशी नेलं, मग माझ्यासमोर धरलं. "खोबरं पिवळं कवापासनं झालं, बाई?"

तेहतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, निम्मी तासगाव तालुक्यात, निम्मी मिरज तालुक्यात. खोटं बोलताना पकडलेली मुलं कशी बुटाकडं बघतात ते मला माहीत आहे. मी चपलेकडं बघितलं. "बाई" म्हणण्याचं कारण मी नंतर विचारलं, तर म्हणाले, मास्तरणीचा आवाज बोळाच्या तोंडाशीच ओळखू येतो.

मग दराचं निघालं. "मी केलं तर दीडशे. तुम्ही केलं तर दोनशे." ऐकण्यात चूक झाली असं वाटून मी परत विचारलं. चूक नव्हती. "माझं काम धा मिनिटांचं हाय. तुम्ही पाऊण तास घेणार, माझं टेबल अडवणार, एक स्क्रू खाली पाडणार, त्यो मीच शोधणार." हिशेब चोख होता. मी दोनशे दिले. स्क्रू दोन पडले.

हल्ली "आम्ही शिकवतो" म्हणणारे फुकट शिकवतात आणि मग काहीतरी विकतात. इथं शिकण्याचे पैसे आधी आणि उघड. मला हे फार आवडलं.

तुटला होता तो कपलर, मिक्सरच्या डोक्यावरचा तो दातेरी काळा तुकडा. भांड्याखालचा तुकडा त्याच्यात बसतो आणि मोटरीचं फिरणं पात्यापर्यंत जातं. मामांनी मोडका कपलर माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, हा एवढा लेचापेचा का केलाय, लोखंडाचा का नाही? मी म्हटलं, कंपनीला पैसे वाचवायचे असतील. ते गप्प. बोळातून एक रिक्षा गेली, एक फिरस्ता आला नि गेला, हे गप्पच. मग म्हणाले, "बरं, लोखंडाचा असता तर हळकुंडानं काय तुटलं असतं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पातं अडकलं की कुणीतरी मोडणारच. तो मोडला नाही तर मोटर जळणार. म्हणून वीस-तीस रुपयांची वस्तू मुद्दाम कमजोर ठेवलीय, हजारोंची वाचावी म्हणून. अकरा वर्षं मी तो मिक्सर रोज वापरला, पण तो काळा तुकडा तिथं कशासाठी आहे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि हळकुंडाला दोष नाही. ओली हळद उकडून, उन्हात वाळवून, वरून पॉलिश करून जे होतं ते दगडाच्या जवळपासचंच काहीतरी असतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी शाळेत परिपाठाला त्यावर बोलले होते. पेवांबद्दलही, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांबद्दलही, सांगितलं होतं. मिक्सरबद्दल नव्हतं सांगितलं.

कपलर काढायची गंमत वेगळीच. त्याचे आटे उलटे असतात. मी आपली नेहमीसारखी डावीकडं पिळतेय, घाम फुटलाय, आणि मामा समोर स्टुलावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेत. मदत नाही, सूचना नाही. पाचेक मिनिटांनी एवढंच विचारलं, "मोटर कुठल्या बाजूला फिरती?" मग मी पातं फिरतं कसं ते आठवलं, हवेत बोट फिरवून बघितलं. आटे सरळ असते तर चालता चालता कपलर सैल होऊन उडाला असता. उलटे आहेत म्हणून मिक्सर चालेल तसा तो आणखी आवळतो. खालून मोटरीचा दांडा स्क्रूड्रायव्हरनं धरला, उजवीकडं पिळलं, सुटला.

ते मांडीवर ठेवलेले हात मला नंतर दोन रात्री दिसत होते. भागाकार करताना मुलगा शेवटच्या पायरीला अडला की मी त्याच्या हातातला खडू घ्यायची आणि गणित पुरं करायची. "समजलं ना?" "समजलं, बाई." पट चाळीसचा, अभ्यासक्रम संपवायचा, कधीही तपासणी येणार, कारणं खरी होती, आजही खरी वाटतात. पण खडू मी घ्यायची हेही खरं. असो, हे परीक्षण दुकानाचं आहे.

दुसरी खेप पंख्याची. तिच्यात फारसं सांगण्यासारखं नाही. बटण दाबलं की नुसता घुमायचा, झाडूनं ढकललं की फिरायचा, तोही पेंगल्यासारखा. पंखा उतरवून आणायची गरजच नव्हती. वर झाकणात एक छोटा डबीसारखा कपॅसिटर असतो, तो थकतो. अडीच मायक्रोफॅरडचा नवा घेतला आणि घरी लावला. मामांनी मला आधी पाठांतर करायला लावलं: मेन बंद, टेस्टरनं बघ, जुन्या कपॅसिटरच्या दोन्ही तारांना एकदम हात लावायचा नाही, वीज बंद केली तरी त्याच्या पोटात उरते. पाढ्यासारखं तीनदा म्हणवून घेतलं. त्याचेही पन्नास घेतले!

दोन वस्तू जमल्या की माणसाला शिंगं फुटतात. मला फुटली. इस्त्रीची वायर मानेपाशी तुटली होती, ती मी कुणाला न विचारता घरी कापून जोडली. प्लग लावला, बटण दाबलं, आणि खट्. अख्ख्या घराची वीज गेली. आमचे हे मॅच बघत होते. त्या दिवशी घरात जे संवाद झाले ते इथं लिहीत नाही.

इस्त्री पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून मी दुकानात गेले. का झाकली होती कोण जाणे. मामांनी काही विचारलं नाही, भिंतीवरचा सिरीज बोर्ड माझ्यापुढं सरकवला. लाकडी फळीवर जुना शंभरचा पिवळा बल्ब आणि दोन तारा, एवढंच. २०१९ ला याच फळीनं आख्खी पेठ तपासली म्हणे. गाळानं भरलेले मिक्सर, टेबलफॅन, पाण्याच्या मोटरी घेऊन लोक यायचे आणि बरेच जण घरी एकदा प्लग लावून बघून, जाळून मगच यायचे. मामांनी तेव्हा दारात खुर्ची टाकून येईल त्याला एकच सांगितलं: लावू नका, आधी खोला, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, चांगलं चारपाच दिवस ऊन द्या, मग आणा. पाण्यानंच बिघडलेली वस्तू परत पाण्यानं धुवायची हे लोकांच्या गळी उतरेना. "भिजायची ती भिजली की! आता गाळ वाळून दगुड व्हायची वाट बघताय का?"

तर इस्त्री. बोर्डाचं एक टोक प्लगच्या बारक्या पिनेला, दुसरं इस्त्रीच्या बुडाला. बल्ब पेटायला नको, असं मामांनी आधी सांगितलं. म्हणजे विजेचा रस्ता आणि इस्त्रीचं अंग यांचा संबंध नाही. पेटला. लख्ख. ज्या पत्र्याला मी हात लावणार होते त्याच्यापर्यंत वीज पोचली होती. अर्थिंग नीट होतं आणि मेनचा स्विच वेळेवर पडला म्हणून आज हे लिहितेय. पोटात गोळा आला. मामांनी तो गोळा येऊ दिला, पाणी विचारलं नाही.

मग चूक शोधायला लावली. अर्धा तास गेला. सापडलं ते असं: तांब्याच्या वायरीत बारीक बारीक केसांसारख्या तारा असतात, त्यातला एक केस स्क्रूखालून बाहेर राहिला होता आणि पत्र्याला टेकला होता. एक केस! वायर सोलली की आधी सगळे केस एकत्र पिळायचे, आणि स्क्रूभोवती गुंडाळायची ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणजे स्क्रू आवळताना तो तारेला आत ओढून घेतो. उलटी गुंडाळली तर आवळताना बाहेर ढकलतो. माझी उलटी होती. मी ते निष्काळजीपणानं केलं नव्हतं. मी फार काळजीपूर्वक, जीभ दातात धरून, उलटं केलं होतं. असे किती पेपर मी "निष्काळजी" असा शेरा मारून परत दिले असतील!

इथवर वाचून कुणाला वाटेल बाई दुरुस्तीच्या नादाला लागली. तसं नाही, पण एक वही झालीय खरी. शंभर पानी. तिच्यात कुकरचं रबर कधी बदललं ती तारीख आहे. झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का बघायचं, हे पहिल्या पानावर लाल शाईनं आहे. मिक्सरचं भांडं धुतलं की पालथं घालायचं आणि पातं बोटानं सहज फिरत नसेल तर बटणाला हात लावायचा नाही, हेही आहे. आणि एक आख्खं पान आहे लुकलुकीचं.

ते असं. मी सहज विचारलं होतं की आमचा फ्रिज वीज जास्त खातो का. मामा म्हणाले, "मला काय विचारताय? मीटरला विचारा." जिन्याखालच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, तो मी दिव्यासारखा दिवा समजत होते. त्याच्याखाली बारीक अक्षरात ३२०० हा आकडा आहे. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. गृहपाठ: घरातलं सगळं बंद करा, एकच वस्तू लावा, मिनिटाला किती वेळा लुकलुकतो मोजा, बाकीचं गणित तुम्हाला येतंय.

रविवारी दुपारी मी जिन्याखाली, आमचे हे वर बटणापाशी, हातात घड्याळ. फक्त हॉलचा पंखा: मिनिटाला चार. तासाला दोनशे चाळीस. भागिले ३२००, आलं ०.०७५ युनिट, म्हणजे पंचाहत्तर वॅट. पंख्याच्या खोक्यावर तेवढेच लिहिलेले निघाले तेव्हा मी जिन्यात एकटीच हसले. शेजारच्या सूनबाई बघत होत्या, बघू देत. खरी गंमत पुढं. पंखाही बंद केला, घरात काही म्हणजे काही चालू नाही, तरी दिवा दोन मिनिटांतून एकदा लुकलुकतोच. कोण पितंय? एकेक प्लग काढत गेलो. सेट टॉप बॉक्स. रिमोटनं बंद करून आम्ही निवांत झोपायचो आणि तो रात्रभर जागा. तासाला तीस, दिवसाला सातशे वीस, महिन्याला पावणेसात युनिट. पैसे म्हणाल तर फार नाहीत. पण चोर सापडल्याचा आनंद पैशात मोजत नाहीत. आता भिंतीवरचं बटण बंद होतं आणि सकाळी बातम्या लागायला वेळ लागतो म्हणून रोज माझ्या नावानं ओरडा होतो.

फ्रिजचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तो मधेच बंद होतो, मधेच सुरू होतो. त्याला तासभर तरी मोजायला हवं आणि ह्यांचा उत्साह चौथ्या मिनिटाला संपला.

आता तक्रारी. वेळ हा मोठा दोष. "धा वाजता या" म्हणजे दहा ते बारा कधीही. एकदा मी दीड तास भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल एकच आहे, त्यावरही बहुतेक वेळा एखादा मिक्सर बसलेला असतो. डाख लावतानाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, धूर थेट तोंडावर येतो. पहिल्या दिवशी मी स्क्रूड्रायव्हर मागितला तर "साहेब न्हाई आले का संगं?" असं विचारलं होतं. तिसऱ्या खेपेला साहेब आले, तर त्यांना चहा सांगायला पाठवलं, तेव्हा ते खातं मी बंद केलं. बिल मिळत नाही. हमी विचारली तर "परत आणा, बगू" एवढीच, पण आणलं तर खरंच बघतात. सुटे भाग कंपनीचे आणि लोकल दोन्ही दाखवतात, दोन्हींचा भाव सांगतात आणि तुम्ही कुठला घेतलात यावरून तोंड वाकडं करत नाहीत.

काही गोष्टी ते शिकवत नाहीत आणि हे मी दोषात धरत नाही. मायक्रोवेव्ह टेबलावर ठेवूच देत नाहीत. त्याच्या पोटात दोन हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटर ते धरून बसतो, त्यामुळं कंपनीच्या माणसाकडं जा म्हणतात. गॅसच्या वस्तूंनाही हात नाही. मागं एक कॉलेजचा मुलगा फोनवर व्हिडिओ बघून गीझर खोलणार होता. त्याला मामांनी अर्ध्या तासात सिरीज बोर्डाची फळी बनवायला लावली आणि गीझर न खोलता घरी पाठवला. मामा स्वतः आठवीनंतर कुपवाडच्या एमआयडीसीत मोटर रिवायंडिंगला लागले. शेतावरच्या जळक्या मोटरी उघडून, तार मोजून, परत तेवढेच वेढे. "वेढं मोजताना कुणी हाक मारली तर पयल्यापासनं," असं सांगतात. त्यांच्या गप्प बसण्याचं मूळ बहुधा तिथं असावं.

जाणार असाल तर: स्वतःचा टेस्टर न्या, त्यांच्याकडचा कायम हरवलेला असतो. पैसे फोनवरून चालतात. वस्तूत काय घातलं होतं ते खरं सांगा. आणि दोनशेवाला दर निवडा.

एक गुण वेळेचा कापलाय, शुद्धलेखनाचा कापलेला नाही. ती "उदारी बंद" पाटी मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. महिनाभरापूर्वी न राहवून म्हटलं, मामा, शटरवर एक चूक आहे. त्यांनी लगेच खडू पुढं केला, "करा की दुरुस्त." हात पुढं गेलाही होता माझा. मग तो मागं घेतला, स्टुलावर बसले आणि म्हटलं, मी केलं तर फुकट, तुम्ही शोधलीत तर पन्नास. त्यांनी पन्नासची नोट काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पक्कड ठेवली. नोट अजून तिथंच आहे. काल गेले तर "बंद" चं "बंध" झालं होतं.